विळ्याच्या आकाराचें रक्त

चिखलदऱ्याचें नांव निघालें कीं वऱ्हाडांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें कीचकदरी, गाविलगड आणि उन्हाळ्यांतील गारवा उभा राहतो. याच मेळघाटांतील कोरकू वस्त्यांतून एक आनुवंशिक रोग पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. त्यास सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा.

रक्तांतील तांबडी पेशी एरवीं वाटोळी व लवचिक असते आणि सुमारें १२० दिवस जगते. तिच्यांतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें. या द्रव्याच्या बीटा साखळींत सहाव्या स्थानीं ग्लुटामिक अम्लाऐवजीं व्हॅलीन येतें, एवढाच काय तो फरक! 'इन्द्रशत्रु' शब्दांतील एका स्वराच्या चुकीनें वृत्राचा घात झाला, त्यांतलाच हा प्रकार. प्राणवायु कमी पडला कीं हे बदललेले कण एकमेकांस चिकटून ताठ दांडे बनतात. पेशी विळ्यासारखी वांकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडांसांध्यांत असह्य कळा सुटतात. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच नाश पावते. म्हणून अंगीं रक्त ठरत नाहीं. चिखलदऱ्याचा जो गारठा आपणांस सुखावतो, तोच अशा मुलाच्या कळा वाढवितो.

हा दोष मातापित्यांपैकीं एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक होतो, रोगी नव्हे. उलट घातक हिवतापापासून त्यास कांहींसें संरक्षण मिळतें. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकला तो यामुळेंच. पण दोघेहि वाहक असले तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं रोगाची शक्यता चारांत एक. मूल आजारी निघालें कीं सुनेच्या पायगुणास बोल लावणाऱ्या घरांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें: अर्धा वांटा बापाकडून आलेला असतो.

हा रोग आदिवासींचाच, असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. विदर्भांत तो इतरहि अनेक समाजांत आढळतो. पत्रिकेंतील नाडी पाहण्यांत आपण तासन्तास घालवितों. मग विवाहापूर्वीं दोघांचें थोडें रक्त तपासण्यांत संकोच कसला? २०४७ पर्यंत या रोगाचें निर्मूलन करण्यासाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२३ मध्यें मोहीम सुरू केली. तींत ही तपासणी अंतर्भूत आहे. वाहकानें लग्नच करूं नये असें मात्र नाहीं. दोघेहि वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोग्यास त्यांच्या देखरेखीखालीं हायड्रॉक्सियूरिया दिल्यास कळांचे झटके कमी होतात. पाणी भरपूर पाजावें, ऊबदार वस्त्रें घालावीं, आणि ताप आल्यास दवाखाना गांठण्यास विलंब करूं नये.