आवाजाची तीन बटणे

समजा, कळंबच्या (जि. यवतमाळ) एखाद्या शाळेत मुले संगणकावरचा इंग्रजी उच्चारांचा पाठ हेडफोनमधून ऐकत आहेत. आवाज फाटतो, किंवा दोन शब्दांमधल्या शांततेत खरखर ऐकू येते. दोष हेडफोनला दिला जातो. पुष्कळदा तो हेडफोनचा नसतोच. आवाज कमी-जास्त करण्याच्या तीन जागा असतात : संगणकातील व्हॉल्यूम, अॅम्प्लिफायरवरील गेनची कळ आणि त्याचे फिरते बटण. या तिघांचा मेळ बसलेला नसतो.

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांपासून विद्युत व्होल्टता तयार करणारी डबी म्हणजे डॅक. कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. आवाजाच्या आकड्यांनाही अशाच पायऱ्या असतात; दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवता येत नाही. सीडीच्या १६ बिटांच्या पद्धतीत त्या ६५,५३६ आहेत. संगणकातील व्हॉल्यूम उतरवून व्होल्टता सोळाव्या भागावर आणली, म्हणजे २४ डेसिबलने कमी केली, की वापरात राहतात फक्त ४,०९६. आजचे बहुतेक डॅक २४ बिटांचे असल्याने ही चणचण कानाला फारशी जाणवत नाही. परंतु डॅकच्या स्वतःच्या मंडलातील खरखर व्हॉल्यूमबरोबर उतरत नाही. मग अॅम्प्लिफायरचे बटण वाढवले, की शब्दांबरोबर तीही वाढते. म्हणून संगणकातील व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा. बास वाढवणारी सोय मात्र बंद करावी. नाहीतर सर्वांत वरच्या पायरीच्याही वर जाऊ पाहणाऱ्या लहरींची शिखरे कापली जातात आणि आवाज फाटतो.

आता गेन, म्हणजे अॅम्प्लिफायर आलेल्या व्होल्टतेला कितीने गुणतो तो आकडा. येथे थोडा हिशेब करू. टेबलावर ठेवायच्या पुष्कळ डॅकमधून पूर्ण व्हॉल्यूमला सुमारे २ व्होल्ट मिळतात. हेडफोन ३२ ओहमचा आणि १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा आहे असे धरू. व्होल्टतेच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते; म्हणजे १ मिलिवॅटसाठी अवघे ०.१८ व्होल्ट पुरतात. २ व्होल्ट थेट दिले तर होतात १२५ मिलिवॅट, आणि आवाज १२१ डेसिबल! म्हणजे वाढवण्याची गरजच नाही, उलट कमी करायचे आहे. तरीही गेनची कळ 'हाय'वर ठेवण्याची हौस सर्वत्र दिसते. गेन चौपट केला की बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागातच सगळा खेळ आटोपतो, आणि नेमक्या त्याच भागात डाव्या-उजव्या कानांतील आवाज सारखे राहत नाहीत. गेन एकपट ठेवावा. मोबाइलसारख्या दुबळ्या स्रोताला अधिक लागेल, तेव्हा पाहता येईल.

राहिले फिरते बटण. ते कोठवर फिरवायचे हे मुलांच्या हौसेवर सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८७ डेसिबलला म्हणून अडीच तासच उरतात. मोठ्या आवाजाने आंतरकर्णातील केसपेशी मेल्या तर त्या पुन्हा येत नाहीत.

ही मर्यादा मल्टिमीटरने आखता येते. स्वस्त मल्टिमीटरवर एसी व्होल्टतेची सर्वांत खालची पट्टी बहुधा २०० व्होल्टची असते. तो येथे कामाचा नाही, २ व्होल्टची पट्टी असलेला घ्यावा. बटण शून्यावर आणावे. एका जोडणीतून दोन पिना काढून एकीला हेडफोन लावावा, दुसरीवर मापन करावे. हेडफोन कानावर नको, टेबलावर असू द्या. संगणकातून पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा सूर वाजवून ०.१ व्होल्ट येईपर्यंत बटण हळूहळू फिरवावे. आपल्या हेडफोनसाठी हे सुमारे ९५ डेसिबल झाले. बोलण्याची सरासरी शिखरापेक्षा साधारण १५ ते २० डेसिबल खाली असते, म्हणजे ती ७५ ते ८० च्या घरात येईल. तेथे नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. हेडफोन बदलला, तर खोक्यावरील ओहम व डेसिबलचे आकडे घेऊन हाच हिशेब नव्याने करावा आणि ठिपका हलवावा.