बाल्कनीतला बटाटा आणि त्यावरचा हिरवा डाग

टोपलीत राहिलेल्या बटाट्याला कोंब फुटला की तो कुंडीत लावून पाहायचा मोह अनेकांना होतो. अडचण उन्हाची असते. समोर दुसरी इमारत, वर स्लॅब आणि ऊन जेमतेम तीन-चार तास. अशा जागी बटाटा येतो, पण कमी येतो.

बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेले खोड आहे. पाने उन्हात साखर तयार करतात आणि तीच पिष्टाच्या रूपात खाली साठते. सहा तास ऊन उत्तम, चार तासांत भागते. त्याहून कमी असेल तर झाड उंच, लुकडे वाढते आणि खाली गोट्यांएवढे बटाटे धरतात. तिथे पुदिना किंवा अळू लावलेले बरे.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे स्लॅबखालच्या बाल्कनीत ऊन शिरतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. मुंबईच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो आणि दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. बटाट्याला हवा असलेला हंगामही हाच. बटाटे धरायला रात्री थंड लागतात. तापमान वीस अंशांच्या खाली उतरले तर चांगलेच. म्हणून लागवड ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात करावी. पुणे-नाशिककडे हे सहज जमते, कोकणपट्टीत अपेक्षा थोडी कमी ठेवावी.

बेणे म्हणून कोंबाचे डोळे असलेला, लिंबाएवढा अख्खा बटाटा पुरतो. बाजारातला काही माल कोंब येऊ नये म्हणून प्रक्रिया केलेला असतो, तो महिनाभर ठेवूनही ढिम्म हलत नाही. तो नाद सोडावा. रंगाची जुनी बादली चालेल, मात्र आधी स्वच्छ घासून घ्यावी आणि तळाला भोके हवीतच. सावलीत माती उशिरा वाळते, त्यामुळे रोज पाणी घालण्याच्या सवयीने बेणेच कुजते. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

खरी काळजी पुढे आहे. बादली निम्मीच भरून बेणे लावावे आणि झाड वीतभर झाले की मातीची भर द्यावी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा. बटाटे बेण्याच्या वरच्या बाजूला धरतात. भर कमी पडली की ते उघडे पडून हिरवे होतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी आहे. पण ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चाकोनिन ही विषारी द्रव्येही वाढतात. उकडून किंवा तळून ती नष्ट होत नाहीत. १९६९ साली लंडनमधल्या एका शाळेत जेवणातले बटाटे खाऊन ७८ मुले आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटदुखी; १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सगळी बरी झाली. आधीच्या सत्रापासून पोत्यात पडून राहिलेले बटाटे त्या दिवशी वापरले गेले होते.

एखादा लहान हिरवा डाग असेल तर साल जाड काढून तो भाग कापून टाकावा. बराच भाग हिरवा असेल किंवा चव कडवट लागली तर अख्खा बटाटा फेकावा. दहा-पंधरा रुपयांच्या भाजीसाठी जीव अडकवू नये. झाडाला टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळे धरली तर तीही विषारीच असतात. घरात लहान मुले असतील तर दिसताक्षणी खुडून टाकावीत.

तीन महिन्यांनी पाने पिवळी पडून माना टाकतात. मग पाणी बंद करून आठ-दहा दिवसांनी बादली कागदावर उपडी करावी. अर्धा किलो निघाला तर खूप झाले. काढलेले बटाटे गच्चीत उन्हात वाळत घालण्याची घाई अनेकजण करतात आणि नेमके तिथेच ते हिरवे होतात. न धुता, सावलीत, वारा लागेल असे पसरावे. माती सुकली की झटकून कागदी पिशवीत घालावे आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावे.