खोक्यातला उन्हाळा

माझं गाव तीर्थपुरी, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं. जालना म्हणजे बियाण्यांचं शहर. १९६४ साली 'महिको' इथेच सुरू झाली. अशा जिल्ह्यात राहून गेल्या जानेवारीत आमच्या घरचं मिरचीचं बी ट्रेमध्येच कुजलं! दुसरं पाकीट आणायला आईनं माझ्या हॉस्टेलच्या फीसाठी ठेवलेले पैसे काढले. ते मनाला लागलं.

बी खराब नव्हतं, थंडी जास्त होती. बियाला नुसतं पाणी पुरत नाही. आतली विकरं कामाला लागायला ऊब लागते. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांना साधारण आठ-नऊ दिवसांत उगवतं. १५ अंशांना सुमारे २५ दिवस घेतं. तेवढ्यात ओल्या, गार मातीतली बुरशी डाव साधते. आजी मटकीची पुरचुंडी चुलीजवळ ठेवते, ती उगीच नाही.

यंदा सुट्टीत मी थर्माकोलचा खोका घेतला: ५० × ४० × ३० सेंमी, जाडी अडीच सेंमी. आता थोडं गणित. सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ ०.९४ चौ. मीटर. थर्माकोलची उष्णतावाहकता सुमारे ०.०३५, म्हणजे दर चौ. मीटरला, दर अंशाला १.४ वॅट गळती. बाहेर १२ आणि आत २८ अंश हवे, फरक १६. गुणाकार केला तर २१ वॅट! म्हणजे २५ वॅटचा जुना तारेचा बल्ब बास. एलईडी नको, तो मुळात कमी वीज खातो, मग ऊब कुठून देणार? खर्च दिवसाला ०.६ युनिट.

वडील म्हणाले, "काय रं, बियाला ताप आलाय का, शेकायलास ते?"

पहिल्या खेपेला त्यांचंच खरं झालं. बल्ब वर टांगला, थर्मामीटर कोपऱ्यात. थर्मामीटर २८ दाखवत होता, पण बल्बखालची माती तापून कोरडी ठणठणीत. आपल्याला हवेचं नाही, बियाजवळच्या मातीचं तापमान हवं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग बल्ब तळाशी नेला, थर्माकोलला चिकटू नये आणि वरून पाणी ठिबकू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात बसवला. त्यावर जाळी, जाळीवर ट्रे, आणि थर्मामीटर थेट मातीत. पारा ३० च्या वर गेला की झाकण थोडं सरकवायचं. कडेला पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बाटल्या ठेवल्या. लाईट गेली तर त्या पाच अंश गार होईपर्यंत ८४ किलोज्यूल ऊब देतात, म्हणजे तासाभराची सोय.

एक लक्षात ठेवा: कोंब दिसताच ट्रे उजेडात काढा, नाहीतर रोपं लांबुळकी, पिवळी होतात. आणि होल्डरला हात लावण्याआधी प्लग काढा.

नवव्या दिवशी खोक्यात हिरवे ठिपके दिसले. ओसरीवरच्या दुसऱ्या ट्रेमध्ये अजून नुसती माती होती. यंदा दुसरं पाकीट आणावं लागलं नाही.

आईनं विचारलं, "हे कोणत्या विषयात शिकवतात रे?"

"हीट ट्रान्स्फर," मी म्हणालो. त्यात मी काठावर पास झालोय, हे मात्र तिला सांगितलं नाही!