चिठ्ठीमागचा गुन्हेगार

एकाच दुखण्यासाठी चार डॉक्टर गाठायचे, एकाचे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही आणि प्रत्येकाकडून वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायची, याला अमेरिकेत ‘डॉक्टर शॉपिंग’ म्हणतात. कायद्याने यात आधी रुग्णाला धरले. डॉक्टरच्या टेबलाकडे आणि गोळ्यांच्या गल्ल्याकडे नीट वळायला त्याला जवळपास ऐंशी वर्षे लागली, आणि गोळ्यांचा पूर ओसरू लागला तो तिकडे वळल्यावरच. राज्यांसाठी १९३२ साली तयार झालेल्या नमुना कायद्यातच फसवून वा माहिती दडवून अमली औषध मिळवणे गुन्हा ठरले होते. मात्र फसवणूक कळणार कशी? न्यूयॉर्कने १९७२ मध्ये त्यावर तोडगा काढला: चिठ्ठी तीन प्रतींत लिहायची आणि एक प्रत राज्याची राजधानी आल्बनीतल्या आरोग्य खात्याकडे पाठवायची. तिथे कुलूपबंद तारेचे कुंपण, धोक्याची घंटा, टेपवर साठवलेली रुग्णांची नावे, सारा सरंजाम होता. खासगीपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्याच निकालात नोंद आहे की महिन्याला लाखभर चिठ्ठ्या जमा होत असूनही पहिल्या वीस महिन्यांत विशिष्ट रुग्णांच्या अतिसेवनाच्या केवळ दोन चौकशांत ही माहिती वापरली गेली. एवढ्या बंदोबस्तात हाती लागले ते इतकेच.

पुढे १९९६ मध्ये ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक असलेले ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि प्रश्नाचा आकारच बदलला. फ्लोरिडाने २००२ मध्ये मागच्या तीस दिवसांत तशाच औषधाची चिठ्ठी घेतल्याचे डॉक्टरपासून लपवणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. या कलमाचा गाजलेला आरोपी म्हणजे रेडिओवरचा वक्ता रश लिम्बॉ. सहा महिन्यांत चार डॉक्टरांकडून सुमारे दोन हजार गोळ्या, असा सरकारी पक्षाचा दावा होता. २००६ मध्ये प्रकरण मिटले: त्याने आरोप अमान्य केला, अठरा महिने उपचार, तपासखर्चापोटी तीस हजार डॉलर. चांगले वकील परवडणारा असा सुटतो, हे वेगळे सांगायला नको. पण याच राज्यात रोख पैसे घेऊन तपासणीच्या खोलीशेजारीच गोळ्या विकणारी ‘पेन क्लिनिक’ फोफावत होती. दवाखान्यातूनच सर्वाधिक ऑक्सिकोडोन देणाऱ्या देशातल्या शंभर डॉक्टरांपैकी ९८ जण २०१० मध्ये फ्लोरिडात होते. जिथे डॉक्टरच विचारत नाही, तिथे रुग्णाने काय लपवले हे शोधून काय साधणार?

रुग्ण निर्दोष होते असे नव्हे. एका अभ्यासात २००८ च्या चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा संशयित ‘शॉपर’ ग्राहकांत जेमतेम ०.७ टक्के निघाले. ते सरासरी दहा डॉक्टरांकडून ३२ चिठ्ठ्या मिळवत आणि वजनाने एकूण औषधाच्या ४ टक्के उचलत. त्यातले काही गोळ्या विकतही असणार आणि विक्रेत्याला शिक्षा हवीच. पण उरलेले ९६ टक्के या कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. फ्लोरिडाने २०११ मध्ये दवाखान्यातून अशा गोळ्या विकण्यावर जवळपास बंदी घातली, छापे टाकले, चिठ्ठ्यांची संगणकीय नोंद सुरू केली. २०१० ते २०१२ दरम्यान ऑक्सिकोडोनमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ५२ टक्क्यांनी घटले. केंटकी, न्यूयॉर्कने चिठ्ठीआधी नोंद पाहणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या आकड्यांवर झालेल्या अभ्यासात अशी सक्ती असलेल्या राज्यांत गैरवापर घटलेला दिसला. सक्ती नव्हती तिथे नोंदवही असून नसल्यासारखीच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की गोळ्या आटल्या आणि माणसे हेरॉइनकडे गेली. ते खरे आहे, फ्लोरिडातही हेरॉइनचे बळी वाढले. तरी त्या दोन वर्षांत अतिसेवनाचे एकूण मृत्युप्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी उतरले. पुढे बेकायदा फेंटानिलने देशभरात जो कहर केला त्याचे उत्तर मात्र या कायद्यांकडे नाही, कारण त्याला चिठ्ठीच लागत नाही. आधीच व्यसनी झालेल्यांसाठी उपचाराची सोय न करता पुरवठा तोडला, ही चूक मान्य करावी लागते. पण म्हणून ती क्लिनिके चालू ठेवायला हवी होती असे ठरत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. संगणकीय नोंदीच्या पडद्यावर चार डॉक्टरांची नावे दिसतात. पहिल्या तिघांनी दुखणे मनावरच घेतले नव्हते, हे दिसत नाही. डॉक्टरवर बोजा टाकला की तो संशयिताला दारातूनच परत पाठवतो, आणि त्यात कर्करोगाचा रुग्णही भरडला जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत डॉक्टरांना बजावले आहे: नोंदीत काही आढळले म्हणून रुग्णाला काढून टाकू नका, त्याच्याशी बोला.