"बरा आहेस ना?" नको, "आज काय जेवलास?" विचारा



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी सहज विचारलं, "माझी पोरगी जूनपासून मुलुंडला नर्सिंगला चाललीय. फोन रोज करीनच, पण तेवढ्याने भागतं काय गो?" बैठक संपत आली होती, कर्जफेडीचा विषय उरला होता, म्हणून मी "नंतर बोलू" म्हटलं. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. कारण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी स्वतः घाटकोपरला, असल्फ्याच्या एका खोलीत अडकले होते. समाजकार्याचं शेवटचं वर्ष होतं. दादा अंधेरीत मरोळला, एका हॉटेलात कामाला. आई गावी. आम्ही तिघांनी दोन महिने फोनवर एकमेकांना "बरं आहे" सांगितलं, आणि तिघंही खोटं बोलत होतो. म्हणून त्या ताईंचं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

आधी थोडी आठवण. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल थांबली. 24 मार्चला रात्री आठ वाजता देशभराची टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी आपला गुढीपाडवा होता. सुरुवातीला 21 दिवस म्हणाले. मग 3 मे, मग 17 मे, मग 31 मे. तारीख पुढे गेली की माणूस मोडतो, हे मी तेव्हा पाहिलं. 21 दिवसांची तयारी केलेला माणूस बाविसाव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा.

मुंबईत राहणं म्हणजे काय, हे गावात बसून कळत नाही. दादाच्या दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जण राहायचे. आपल्याला वाटतं, नऊ जण झोपत असतील कसे? तर ते एकाच वेळी झोपत नव्हतेच. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला. एकाची चटई उठली की दुसऱ्याची पडायची. खोली नऊ जणांची नव्हती, साडेचार जणांची होती. कामं बंद झाली आणि नऊच्या नऊ जण चोवीस तास आत. संडास सार्वजनिक, तिथे रांग. पाणी सकाळी तासभर. आणि सरकारी जाहिरात सांगत होती की वीस सेकंद हात धुवा आणि अंतर ठेवा. दादा म्हणायचा, "अंतर ठेवायला मी छपरावर बसू काय?" हसायचो आम्ही. पण काही रात्री तो खरोखरच जिन्यात बसून काढायचा, हे मला फार नंतर कळलं.

दुसरी अडचण जेवणाची. एकटे पुरुष खोलीत स्वयंपाक करत नाहीत, खानावळीवर जेवतात. ही मुंबईची जुनी रीत आहे. गिरण्यांच्या काळात आपल्याच घाटावरच्या आणि कोकणातल्या बाया कामगारांना डबे घालायच्या. त्याच खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं हा त्यामागचा हेतू. म्हणजे बचत गट हा शब्द गावात यायच्या आधीची आपली ही एक थोरली बहीणच म्हणा. तर सांगायचं हे, की लॉकडाऊनमध्ये खानावळी बंद झाल्या आणि ज्यांच्याकडे स्टोव्ह नाही, कुकर नाही, अशी हजारो माणसं उपाशी राहायची वेळ आली. शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांना केली होती, तिचा मोठा आधार झाला. पण केंद्र जवळ असेल आणि रांगेत नंबर लागला तर.

रेशनचं काय, असं तुम्ही विचाराल. दादाचं नाव गावच्या कार्डावर होतं. एप्रिलपासून माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळायला लागला, तो गावी आईने उचलला, दादाच्या वाटचासुद्धा. तो तांदूळ मरोळला कसा पोचणार? इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आपल्या बऱ्याच घरांत अजून माहीत नाही. कार्डावर बारा आकडी नंबर असतो. तो नंबर आणि आधार जोडलेलं असेल, तर कुठल्याही गावातल्या रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावून धान्य मिळू शकतं. घरातल्यांनी थोडं गावी उचलायचं, बाहेर गेलेल्याने आपल्या वाट्याचं तिकडे. ही सोय महाराष्ट्रात तेव्हाही होती. पण दादाला तो नंबर माहीत नव्हता, आणि आईला वाटायचं कार्ड गावचं म्हणजे गावापुरतंच.

आता फोनचं. आईकडे साधा बटणाचा फोन. रोज संध्याकाळी सात वाजता, दिवा लावला की ती आधी दादाला करायची, मग मला. मला सुरुवातीला कंटाळा यायचा. बोलायला नवीन काही नसायचंच. पण एप्रिलच्या मध्याला माझी अशी अवस्था झाली की आज मंगळवार की शुक्रवार हेच कळेना. कॉलेज नाही, लोकल नाही, झोपायची वेळ नाही. तेव्हा सातचा फोन हा दिवसाला मारलेला एकच खुंटा होता. सात वाजायच्या आत तोंड धुवायचं, आवाज नीट करायचा. ठरलेल्या वेळेचा फोन आणि मनात येईल तेव्हाचा फोन यात हाच फरक आहे. ठरलेला फोन चुकला तर समोरच्याला लगेच कळतं की काहीतरी बिनसलंय. म्हणून मुलीला "फुरसत मिळेल तेव्हा कर" सांगू नका, वेळ ठरवा.

रिचार्ज संपला की तेही तुटायचं. दुकानं बंद, आणि खिशात पैसे नाहीत. मार्चअखेर काही कंपन्यांनी गरीब ग्राहकांची मुदत 17 एप्रिलपर्यंत वाढवली, त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाने तेव्हा चांगलं काम केलं. एरवी मंडळ म्हणजे पूजेची वर्गणी आणि क्रिकेटची स्पर्धा. पण त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोरिवलीच्या एका काकांनी रोज रात्री नावं विचारायला सुरुवात केली, कोणाचा रिचार्ज संपला, कोणाच्या खोलीत तांदूळ नाही. ज्याला जमेल तो दुसऱ्याचा रिचार्ज मारायचा. लिहिता न येणारे आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. एप्रिलच्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर चाराऐवजी आठ जणांना एकत्र व्हिडिओवर बोलता यायला लागलं, तेव्हा आठ खोल्यांतून भजन व्हायचं. टाळ एकाकडे, बाकीच्यांनी ताट वाजवायचं. आवाज मागेपुढे यायचा, अगदी बेसूर. तरी कोणी कट करत नसे.

पण फोनमध्ये लपवणंही सोपं असतं. दादाच्या हॉटेलवाल्याने मार्चचा पगार दिला आणि पुढचं "उघडल्यावर बघू" म्हणाला. दादाने हे आईला सांगितलं नाही. उलट एप्रिलमध्ये उसने घेऊन तिला हजार रुपये पाठवले, का, तर तिला संशय येऊ नये! मला ताप आला तो मी सांगितला नाही. आईची बीपीची गोळी संपली होती, ती तिने सांगितली नाही. "बरा आहेस ना?" या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, "हो". प्रश्नच उत्तर तोंडात घालतो.

मे महिन्यात एके दिवशी दादा मरोळहून चालत असल्फ्याला आला. मेट्रोने दोन स्टेशनं, पण मेट्रो बंद. तासाभराची चाल, वाटेत पोलिसांची नाकाबंदी. आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. तो पलीकडे, मी अलीकडे. गळ्याची हाडं दिसत होती. काही मागितलं नाही त्याने, पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. त्या रात्री सातच्या फोनला मी आईला फक्त एवढंच म्हटलं, "दादाला आज काय जेवला ते विचार, आणि कोणी केलं ते विचार." तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. तो गडबडला. भात म्हणाला. सोबत काय? गप्प. चौथ्या प्रश्नाला रडला.

आईच्या गटाची बैठक तेव्हा बंद होती, बचत गोळा होत नव्हती. नियम सांगतो की बैठकीत ठराव झाल्याशिवाय अंतर्गत कर्ज देऊ नये. अध्यक्ष काकींनी हातातल्या रोकडीतून दोन हजार काढून दिले आणि सचिवांकडून वहीत नोंद करून घेतली. ठराव सप्टेंबरात लिहिला गेला. मी आज तुम्हाला दशसूत्री शिकवते, तेव्हा हे सांगायला थोडी लाजते. पण नोंद त्याच दिवशी झाली होती, हे महत्त्वाचं. दुकानदाराच्या मुलाने फोनवरून पैसे पाठवले, रात्रीपर्यंत दादाच्या खोलीत डाळ आली.

काळजी काही एकाच दिशेने वाहत नव्हती. 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे खांब पडले, टॉवर बंद झाले, कित्येक दिवस फोन लागेना. तेव्हा मुंबईची माणसं वेडी झाली होती, आणि गावच्या बाया कौलं गोळा करत होत्या.

आणि एक कडू गोष्टही बोलू. आपल्या गावांनी रस्त्यावर दगड टाकले, झाडं आडवी केली, चाकरमानी येऊ नयेत म्हणून. भीती खरी होती, आपल्याकडे दवाखाना कुठे होता? पण वर्षभर ज्यांच्या पैशावर घर चालतं त्यांना वेशीवर अडवलं, हे ते विसरलेले नाहीत. गणपती त्या वर्षी 22 ऑगस्टला होते. एसटीने येणाऱ्यांनी 12 तारखेच्या आत पोचायचं आणि दहा दिवस वेगळं राहायचं, असं ठरलं. शाळेत राहिलेल्यांना कोणत्या वाडीने डबा दिला आणि कोणत्या नाही, हे आजही बोललं जातं. आमच्याकडे गटाच्या बायांनी पाळ्या लावून डबा शाळेच्या पायरीवर ठेवला. दादा आला नाही. आईने एकटीने प्रतिष्ठापना केली, आणि नेटवर्कसाठी शेजारच्या पोराने फोन माळावर नेऊन धरला, तिथून आरतीचा नुसता आवाज दादाला ऐकू गेला.

तर ताई, फोन पुरतो काय? फोनच्या मागे माणूस लागतो. तुमच्या मुलीचा नंबर तुमच्याकडे असेलच. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा आहे का? घरमालकिणीचा? खोलीचा पूर्ण पत्ता, गल्लीचं नाव, जवळचा दवाखाना? तिला रेशनकार्डाचा नंबर माहीत आहे का? मन फार खचलं, झोप येत नाही, असं ती बोलली तर 14416 या टेली-मानसच्या फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायचं सुचत नाही.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीत आपण एक वही सुरू करतोय, बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांची. प्रत्येक गटाने आपापली यादी आणा: नाव, पत्ता, त्याचा नंबर आणि शेजारच्याचा नंबर. वही सचिवांकडे राहील, नंबर बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. माझ्या आईने पहिलं पान आधीच भरून दिलंय. दादाच्या आताच्या खोलीतल्या तिघांचे नंबर तिला पाठ आहेत, आणि सातचा फोन अजून चालू आहे.