फॉरवर्ड करण्याआधी

बीदर जिल्ह्यातल्या मुरकी गावात 13 जुलै 2018 रोजी हैदराबादच्या एका तरुण इंजिनिअरचा जमावाने जीव घेतला. तो आणि त्याचे सोबती पाहुणे म्हणून आले होते. वाटेत मुलांना चॉकलेट दिलं, एवढंच निमित्त झालं. ‘मुलं पळवणारी टोळी’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर त्यांच्या गाडीपुढे धावला आणि मुरकीत रस्ता अडवला गेला. अटक झालेल्यांत एका ग्रुपचा ॲडमिनही होता. त्याआधी बाराच दिवस धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना असंच ठेचून मारलं होतं.

त्या काळात देशभर फिरलेली एक क्लिप मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. उचललेलं मूल दुचाकीस्वार परत आणून सोडतो, तो शेवट कुणीतरी कापला होता.

व्हॉट्सॲप कंपनीने त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला हे शोधून देण्याची सक्ती सरकारने 2021च्या नियमांत केली. खासगीपणा मोडेल म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण मुरकीत मेसेज पुढे ढकलणारे एकमेकांच्या ओळखीचेच होते. संशय आला तर 112 फिरवा, ग्रुपवर टाकू नका.