जिवंत दगडाची साठ वर्षे

१९६१ साली 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकी मासिकात जाकार्ताच्या ली चिन एंग यांचा एक लेख आला. त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत यंत्रांचा पसारा नव्हता. समुद्राचे पाणी, ऊन, हवेचे थोडे बुडबुडे आणि समुद्रातून किडामुंगी-शेवाळासकट उचलून आणलेला सच्छिद्र 'जिवंत दगड', एवढ्या भांडवलावर त्यांची प्रवाळे जगत होती. समुद्र दाराशी असणाऱ्याचे कौतुक ते काय, असेच तिकडच्या बहुतेकांना वाटले असावे. घरगुती प्रवाळटाकीचा पुढचा इतिहास म्हणजे त्या लेखापर्यंत परत पोचण्याची बरीच महागडी पायपीट आहे.

त्या काळातली अमेरिकी टाकी दिसायला देखणी. पांढरीशुभ्र प्रवाळे आणि त्यांतून फिरणारे निळे-पिवळे मासे. प्रवाळे पांढरी, कारण ती मेलेली. तळाला कुटलेल्या शिंपल्यांचा थर आणि त्याखाली पाणी ओढून घेणारी जाळी. काही आठवड्यांत सांगाड्यांवर तपकिरी शेवाळ चढे. मग ते बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, धुऊन वाळवायचे आणि पुन्हा मांडायचे. माशांना रोग झाला की पाण्यात तांब्याचे औषध सोडत. मासा ते सोसतो. प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी यांना ते विष. प्रवाळ जगणार नाही हे त्या टाकीत आधीच ठरून गेलेले असे.

जर्मनीतल्या शौकिनांनी समुद्राची उणीव यंत्रांनी भरून काढली. पिशवीतले मीठ कालवून पाणी तयार करायचे आणि ते प्रोटीन स्किमरने स्वच्छ ठेवायचे. स्किमरच्या उभ्या नळीत अगदी बारीक बुडबुडे सोडले की विरघळलेली सेंद्रिय घाण त्यांना चिकटते, फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या भांड्यात जमते. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात तसेच. फक्त ही मळी काळपट हिरवी, आणि वास असा की भांडे रिकामे करताना घरच्यांची बोलणी खावी लागतात.

सत्तरच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी रुजवलेली गोष्ट तर आपण शाळेच्या प्रयोगशाळेतच पाहिलेली असते: चुन्याची निवळी. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. समुद्राच्या एका लिटरात साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि बंद टाकीत वाढणारी प्रवाळे ते भराभर फस्त करतात. निवळी कॅल्शियम देते आणि पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सोसण्याची ताकदही सावरते. पण तिचा पीएच १२ च्या वर. भसकन ओतली तर खेळ खलास. म्हणून ती थेंबाथेंबाने सोडतात, तीही बहुधा रात्री. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते आणि पाण्याचा पीएच उतरलेला असतो.

अमेरिकेत लाट आली ती १९८६ नंतर. जॉर्ज स्मिट यांनी एका मासिकातून 'मिनी-रीफ'ची कल्पना मांडली: प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपवायचे आणि गोळ्यांवरच्या जिवाणूंकडून अमोनियाचे नायट्रेट करून घ्यायचे. काम चोख होई, पण नायट्रेट साचत राही. हळूहळू लक्षात आले की गोळ्या काढून टाकल्या तरी बिघडत नाही, उलट पाणी सुधारते. टाकीतल्या सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे गाळणी दगडातच होती. जाकार्ताच्या टाकीत ती १९६१ सालीच चालू होती.

उरला प्रश्न उजेडाचा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. नव्वदच्या दशकातले मेटल हॅलाइड दिवे झकास, पण पाणी तापवणारे. मुंबईच्या मे महिन्यात तर चिलरशिवाय गती नाही. पुढे एलईडी आले. विजेचे बिल उतरले आणि पहाट-संध्याकाळ, चांदणेसुद्धा मोबाइलवरून ठरवता येऊ लागले.

हे चांदणे मला आधी निव्वळ चोचले वाटले होते. तसे नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राचे ऋतुमानानुसार तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला बंद टाकीत हुबेहूब उभ्या केल्या, आणि अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांनी ठरल्या वेळी अंडी-शुक्राणू सोडले. ते संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. घरोघरी मात्र पद्धत सोपी आहे. प्रवाळाची फांदी कटरने तोडायची आणि सुपरग्लूने छोट्या सिमेंटच्या बुंध्यावर चिकटवायची. महिन्याभरात ऊती गोंदावर पसरते. एका टाकीतला तुकडा दुसऱ्या टाकीत जातो आणि समुद्रावरचा भार तेवढा हलका होतो.

गंमत पुढेच आहे. २०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली, ती २०२० पर्यंत. त्याच सुमारास फिजीनेही दरवाजा बंद केला. जिवंत दगड दुर्मीळ झाला. आता बहुतेक नव्या टाक्या कोरड्या, मेलेल्या दगडावर आणि बाटलीतल्या जिवाणूंवर सुरू होतात. दगड स्वच्छ असतो, पण बरड. त्यावर जिवाणूंची वस्ती बसायला महिने जातात आणि रिकाम्या जागेचा फायदा डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव चिकट तपकिरी थर पसरून घेतात. ब्लीचमध्ये धुतलेल्या सांगाड्यांपासून निघालेली मंडळी पुन्हा मेलेल्या दगडापाशी आली आहेत. मात्र तो जिवंत कसा करायचा, हे त्यांना आता ठाऊक आहे.

आपल्याकडे या छंदाला कायद्याची चौकट आहे आणि ती अनेक दुकानदार सांगत नाहीत. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच पंक्तीत. मन्नारच्या आखातातून किंवा मालवणच्या पाण्यातून प्रवाळाचा दगड उचलणे हा गुन्हा आहे. 'सगळेच ठेवतात हो,' हे उत्तर तिथे चालत नाही. क्लाउनफिशची गोष्ट वेगळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचे प्रजनन भारतातच यशस्वी केले आहे. तेव्हा खाऱ्या पाण्याची हौस असेल तर दुकानात पहिला प्रश्न विचारा: हा मासा समुद्रातून पकडला की टाकीत जन्मला? उत्तर मिळाले नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या.